माटुंग्याच्या काचपट्टीवरचा कापूस

मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या एका भांड्याला कापडाच्या चिंध्या चिकटलेल्या सापडल्या. कापड आहे हे दिसत होतं. पण कशाचं, हे खापरं आणि मुद्रा ओळखणाऱ्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं. ते तुकडे मुंबईत, माटुंग्याच्या टेक्नॉलॉजिकल लॅबोरेटरीत आले. ही प्रयोगशाळा 1924 साली सुरू झालेली, म्हणजे तेव्हा अगदी नवी. संचालक ए. जे. टर्नर आणि त्यांचे सहकारी ए. एन. गुलाटी यांनी धागे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. ते इतके जीर्ण झाले होते की हात लावला तर तुटावेत, आणि बुरशीने आतून पोखरलेले. तरीही निर्णय झाला : कापूस.

हा निर्णय शक्य झाला तो पेशीभित्तिकेमुळे. कापसाचा एक धागा म्हणजे एकच पेशी. सरकीच्या सालीतली एक पेशी फूल उमलतं त्या दिवशी फुगते आणि लांबत जाते. रुंदी दहा-वीस मायक्रॉन आणि लांबी तीन सेंटिमीटरपर्यंत. बोंड फुटल्यावर पेशी मरते, सुकते, भित्तिकेची नळी चपटी होते आणि ती पट्टी जागोजागी वळते. सूतकताईचा पीळ वेगळा, हा धाग्याचा अंगचा. ताग, अंबाडी, लोकर, रेशीम यांपैकी कशातही तो नाही. पुढे 2002 मध्ये बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या एका तांब्याच्या मण्यात कापसाचे धागे ओळखले गेले आणि उपखंडातल्या कापसाचा इतिहास आणखी हजारो वर्षं मागे गेला. त्या वेळी साधन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक होतं, पुरावा मात्र पुन्हा भित्तिकेचाच.

पेशीभित्तिकेच्या अभ्यासाचा इतिहास सांगताना सहसा रॉबर्ट हुकच्या 1665 मधल्या बुचापासून सुरुवात करतात. मला कापसाची वाट जास्त रंजक वाटते, कारण इथे कुतूहलाच्या जोडीला बाजार होता. लेव्हेनहुकने सतराव्या शतकातच धाग्याच्या दोन धारदार कडा पाहिल्या होत्या आणि जखमेवर कापूस ठेवला की ती का चिघळते, याचं कारण त्यात शोधलं होतं. पुढची मोठी तक्रार रंगाऱ्यांची. ग्लासगोजवळ छापील कापडाचा कारखाना चालवणारा वॉल्टर क्रम 19व्या शतकाच्या मध्यास या प्रश्नाला भिडला : कापड एकसारखं रंगवलं तरी मध्येच पांढुरके ठिपके का राहतात? त्या ठिपक्यांत त्याला चपटे, पारदर्शक, पातळ भिंतीचे धागे दिसले. कापसाच्या व्यापारात त्यांना ‘मेलेला कापूस’ म्हणू लागले. खरं तर पिकलेला प्रत्येकच धागा मेलेला असतो. हे बिचारे भरण्याआधीच मेले होते.

भरणं म्हणजे काय, हे लॉरेन्स बॉल्सने 1919 मध्ये दाखवलं. इजिप्तच्या कापसावर त्याचं आयुष्य गेलं. कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून त्याने भित्तिका एवढी फुगवली की तिच्यात एकात एक कडी दिसू लागली, झाडाच्या खोडात दिसतात तशी. फरक एवढाच की खोडातलं कडं वर्षाचं आणि हे एका दिवसाचं. लांबण्याचा काळ सरला की पेशी आतल्या बाजूने जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचे थर देत जाते. गार रात्री हे काम मंदावतं आणि थराची खूण उरते. सतत उजेड आणि एकसारखं तापमान ठेवून वाढवलेल्या झाडांत ही कडी दिसत नाहीत, हे 1930च्या दशकात अमेरिकेत सिद्ध झालं.

माटुंग्याची खरी कामगिरी याच दशकातली. गुलाटी आणि नाझिर अहमद यांनी 1935 मध्ये धाग्याची परिपक्वता आणि सूत यांचं नातं मांडलं. त्या परंपरेतली चाचणी आजही शिकवतात. धाग्यांचा पुंजका काचपट्टीवर समांतर पसरायचा, 18 टक्के कॉस्टिक सोड्याचा थेंब सोडायचा, वर पातळ काच ठेवायची. काही क्षणांत धागे अंग सोडवल्यासारखे वळतात, फुगतात, पीळ उलगडतो. मग एकेक धागा पाहायचा. मधली पोकळी भिंतीच्या जाडीएवढी किंवा त्याहून कमी असेल तर धागा पक्का. दुपटीपर्यंत असेल तर अर्धा कच्चा. त्याहून जास्त असेल तर कच्चा. पक्क्यांच्या टक्केवारीला पूर्ण वजन, अर्ध्या कच्च्यांना 0.6, कच्च्यांना 0.4. बेरजेला शंभराने भागलं की आला परिपक्वता गुणांक. काम डोळे शिणवणारं आणि शेकडो धागे मोजल्याशिवाय न संपणारं. नाझिर अहमद हे केंब्रिजला रदरफोर्डकडे शिकलेले भौतिकशास्त्रज्ञ. फाळणीनंतर ते पाकिस्तानच्या अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. माटुंग्याच्या संस्थेचं नाव मात्र कापसाशीच जोडलेलं राहिलं. आज ती ‘सिरकॉट’ म्हणून ओळखली जाते.

बाजाराला एवढी सवड कुठली? कापसाच्या गुठळीतून हवा सोडून तिला किती अडथळा होतो ते मोजणारं मायक्रोनेअर आलं आणि सौदे त्या आकड्यावर होऊ लागले. सोय झाली, हे खरं. पण जातिवंत बारीक पक्का धागा आणि जाड जातीचा कच्चा धागा यांचा आकडा एकच येऊ शकतो. शंका आली की पुन्हा भिंतच पाहावी लागते. फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही त्याच झाडांवर घेतलेल्या कापसाला भाव का पडतो, याचं एक उत्तर त्या पातळ भिंतीत आहे.

1948 पासून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने लीड्स आणि झुरिकमध्ये भित्तिकेतले सेल्युलोजचे सूक्ष्मतंतू सुटे सुटे दाखवले. मग प्रश्न आला की ते विणतं कोण. 1980 मध्ये म्यूलर आणि माल्कम ब्राउन यांना मक्याच्या पेशीपटलावर सहा कणांची फुलासारखी वर्तुळं दिसली. तीच सेल्युलोज तयार करतात, असा तर्क होता. पुरावा कापसाने दिला. भिंत भरत असताना हा धागा सेल्युलोजखेरीज फारसं काही बनवतच नाही, म्हणून सेल्युलोज बनवणारं जनुक त्याच्यातच शोधणं सोपं. डेबोरा डेल्मर आणि सहकाऱ्यांना ते 1996 मध्ये सापडलं. कापसातल्या त्या जनुकाच्या प्रथिनाविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं 1999 मध्ये ॲझुकी या आपल्या मुगा-उडदाच्या कुळातल्या कडधान्यावर वापरली, आणि सोन्याचे कण लावलेली ती प्रतिपिंडं नेमकी त्या फुलांवर जाऊन बसली.

प्रतिपिंडांनी भित्तिकेचं दुसरं अंगही उघडं केलं. कॉस्टिक सोड्याच्या काळात सगळं लक्ष सेल्युलोजच्या जाड थराकडे होतं. बाहेरच्या पातळ थरातली पेक्टिन आणि झायलोग्लुकन ही कर्बोदकं हिशेबातच नव्हती. 2009 मध्ये कँडेस हेग्लर यांच्या गटाने दाखवलं की बोंडात धागे सुटे वाढत नाहीत. या बाहेरच्या थराने ते एकमेकांना चिकटून जुड्यांनी लांबतात, आणि भिंत भरायला लागण्याच्या सुमारास तो थर विरून ते मोकळे होतात. पुढे नेहमीचा अमेरिकन कापूस आणि लांब धाग्याचा इजिप्शियन कुळातला कापूस शेजारी ठेवून तपासले, तेव्हा त्या थरातल्या सैल झायलोग्लुकनमध्ये फरक आढळला. तामिळनाडूचा ‘सुविन’ याच दुसऱ्या कुळातला.