सुगंधी कोरा चहा : डब्यावरचे दावे आणि कपातली हकीकत

आखाती देशांतून कोणी सुटीवर आले की बॅगेतून खजूर, बदाम आणि साबणांसोबत चहाचा एखादा डबाही निघतो. त्यावर ‘अर्ल ग्रे’ असे नाव, पिवळसर फळाचे चित्र आणि हल्ली ‘ऑरगॅनिक’ हा शब्दही. आता हाच चहा आपल्या शहरांतल्या मोठ्या दुकानांतही मिळतो. पाहुण्यांपुढे ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : यात अत्तर घातले आहे का?

प्रश्न अगदीच चुकीचा नाही. हा सुगंध बर्गमॉट नावाच्या फळाच्या सालीतल्या तेलाचा, आणि हेच तेल अत्तर-कोलोनच्या धंद्यातही शेकडो वर्षे वापरले जाते. बर्गमॉट हे लिंबू आणि कडू संत्रे यांच्या संकरातून आलेले फळ. जगातले बहुतेक पीक इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियाच्या समुद्रकिनारी होते. फळ इतके आंबट-कडू की कोणी सोलून खात नाही. किंमत सारी सालीला. साल दाबून काढलेले तेल चहाच्या काळ्या पत्तीवर शिंपडले की झाला अर्ल ग्रे.

नाव चार्ल्स ग्रे यांचे. 1830 ते 1834 या काळात ते ब्रिटनचे पंतप्रधान होते. एका चिनी अधिकाऱ्याने उपकाराची फेड म्हणून त्यांना हा चहा दिला, अशी कहाणी सांगतात. तिला पुरावा नाही. उलट 1837 साली एका इंग्रज कंपनीवर हलक्या चहाला बर्गमॉटचा वास लावून तो भारी म्हणून विकल्याचा आरोप झाला होता. म्हणजे आजचा शाही चहा एके काळी भेसळीच्या संशयात होता!

आता तब्येतीचे. ‘कोलेस्ट्रॉल कमी करतो’ असे मेसेज मोबाइलवर फिरतात. त्यामागे थोडे सत्य आहे, पण ते चहाचे नाही. 2009 मध्ये इटलीतल्या संशोधकांना बर्गमॉटच्या फळात स्टॅटिन औषधांशी साधर्म्य असलेली द्रव्ये सापडली. पुढे काही छोट्या प्रयोगांत फळाच्या अर्काने कोलेस्ट्रॉल उतरलेले दिसले. मात्र तिथे दिलेला अर्क रोज 500 ते 1000 मिलिग्रॅमच्या आसपास होता. चहात असतो तो सालीच्या तेलाचा नुसता अंश. त्यामुळे घरातल्या कोणा बुजुर्गांनी या चहाच्या भरवशावर डॉक्टरांची गोळी बंद केली, तर नुकसान त्यांचेच. हे ठामपणे सांगायला हवे, कारण आपल्याकडे गोळी सोडायला निमित्तच लागते.

काळ्या चहाबद्दल मात्र एक मोठी पाहणी आहे. ब्रिटनमधल्या सुमारे 5 लाख लोकांच्या नोंदी तपासून 2022 मध्ये संशोधकांनी सांगितले की, दिवसाला दोन किंवा अधिक कप पिणाऱ्यांत मृत्यूचा धोका 9 ते 13 टक्के कमी दिसला. त्याचे कारण चहाच, असे त्यातून सिद्ध होत नाही. पण चहा घातक नाही एवढा दिलासा मिळतो.

माझ्या मते खरा फायदा दुसराच आहे. हा चहा दुधाशिवाय आणि फिकाच छान लागतो. रोज तीन कप, प्रत्येकी दोन छोटे चमचे साखर, म्हणजे जवळपास 25 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी सुचवलेली चांगली मर्यादा एवढीच. ती चहातच संपली, तर शिरखुर्मा आणि बिस्किटांना जागा कुठे उरली? घरात मधुमेह असेल तर दुपारचा एक गोड चहा बदलून हा घेऊन पाहावा. सुलेमानी चहाची सवय असलेल्यांना तो परका वाटणारच नाही.

पाणी उकळले की गॅस बंद करावा, पत्ती टाकून झाकण ठेवावे आणि तीन-चार मिनिटांनी गाळावा. आपल्या पद्धतीने खळखळ उकळला तर सुगंध वाफेबरोबर जातो आणि कडवटपणा उरतो. सुगंधी तेलाची बाटली आणून थेंब टाकण्याचा प्रयोग मात्र नको. ते तेल पिण्यासाठी नसते.

जपायचे ते बायका-मुलींनी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आहे. चहातले टॅनिन डाळी-पालेभाज्यांतले लोह शरीरात नीट शोषू देत नाही. जेवण आणि चहा यांत किमान तासाचे अंतर ठेवावे; लोहाची गोळी तर चहाबरोबर कधीच घेऊ नये. गरोदर बहिणींनी दिवसाला एक-दोन कपांवर थांबावे, कॅफिन यातही असतेच. अतिरेकाचे उदाहरणही आहे : 2002 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका ऑस्ट्रियन माणसाची हकीकत आली. तो दिवसाला चार लिटरपर्यंत अर्ल ग्रे पीत असे आणि त्याच्या स्नायूंत पेटके येत. साधा चहा सुरू केल्यावर ते थांबले.

‘ऑरगॅनिक’ला जास्त पैसे द्यावेत का? त्याने जीवनसत्त्वे वाढत नाहीत. पण चहाची पत्ती तोडल्यावर धुतली जात नाही, सरळ कारखान्यात जाते. म्हणून फवारणी कमी झालेली बरी. भारतीय माल असेल तर ‘जैविक भारत’ची खूण पाहावी, आणि स्वाद नैसर्गिक की कृत्रिम ते मागच्या बारीक अक्षरांत वाचावे. चष्मा लावूनच.

डबा परवडत नसेल तर साध्या कोऱ्या चहात गवती चहाची दोन पाती किंवा धुतलेल्या लिंबाच्या सालीचा तुकडा टाकावा. बर्गमॉटचा वास येणार नाही, पण साखर कमी करायला तोही तेवढीच मदत करतो.