ई-२० इंधन आणि वाइडबँड ऑक्सिजन संवेदकाची अचूक जोडणी

जबलपूर–कटनी मार्गावरील सिहोरा हा भात आणि गहू पिकविणारा तालुका. ऊस, मका व तांदूळ यांपासून निघणारे इथेनॉल आज पेट्रोलमध्ये मिसळले जाते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी वीस टक्के मिश्रणाच्या, म्हणजेच ई-२० पेट्रोलच्या विक्रीस देशात प्रारंभ झाला. शेतातून निघालेले हे इंधन शेतकऱ्याच्या जुन्या जीपमध्ये आणि मोटारीत जळते, तेव्हा इंजिनाचे हवा-इंधन गुणोत्तर तपासणे अगत्याचे ठरते.

गुणोत्तराचे गणित

एक किलो पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो, तर ई-२० ला साधारण १३.५ किलो. कार्ब्युरेटरच्या इंजिनास हा फरक उमगत नाही. त्यामुळे मिश्रण विरळ होते. इंजेक्शन प्रणालीतील साधा संवेदक मिश्रण समतोलाच्या कोणत्या बाजूस आहे एवढेच सांगतो. वाइडबँड संवेदक मात्र विचलन किती, हेही मोजतो. म्हणून जुन्या इंजिनावर बदलता येण्याजोगा इंजिन संगणक बसविताना त्याचा उपयोग होतो.

जोडणी

हा संवेदक थेट संगणकास जोडता येत नाही. त्याची तापक तार व पंप-कक्ष सांभाळणारा स्वतंत्र नियंत्रक मध्ये लागतो. नियंत्रक ० ते ५ व्होल्टचा संकेत देतो. समजा, ० व्होल्ट म्हणजे गुणोत्तर १० आणि ५ व्होल्ट म्हणजे २०, तर हीच मापनपट्टी संगणकातही नोंदवावी. नियंत्रकाच्या संकेताची भू-तार संगणकाच्या संवेदक-भूमीस जोडावी. भूमीत ०.१ व्होल्टचा फरक राहिला, तरी वाचन ०.२ ने चुकते. तापकाची भू-तार मात्र वेगळी, जाड असावी.

संवेदक धूरनळीत उत्प्रेरकाच्या अलीकडे, किंचित वर झुकलेल्या स्थितीत बसवावा. म्हणजे बाष्पाचे पाणी त्यात साचत नाही. नळीस गळती असल्यास बाहेरची हवा शिरून मिश्रण विरळ भासते. इंजिन चालू असताना तापकाचा पुरवठा बंद ठेवू नये. काजळीने संवेदक खराब होतो.

नेहमीची चूक

बहुतेक दर्शक पेट्रोलच्या पट्टीवर आखलेले असतात. ई-२० वापरतानाही समतोल ज्वलन तेथे १४.७ असेच दिसते. ई-२० साठी १३.५ योग्य, असे समजून पडद्यावर १३.५ आणल्यास मिश्रण सुमारे आठ टक्के अधिक दाट होते आणि इंधन वाया जाते. म्हणून 'लॅम्डा' हे माप वापरावे. समतोल असता ते कोणत्याही इंधनात १ असते.

खबरदारी

जोडणीनंतर संवेदक खुल्या हवेत तापवून पाहावा. वाचन पट्टीच्या विरळ टोकास पोहोचले पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या वाहनांत मूळ संगणकाशी छेडछाड करू नये. त्यांचे काम अधिकृत सेवा केंद्राकडूनच करून घ्यावे.