टँकरचे पाणी कोणत्या रकान्यात?

गोव्याचे दरडोई उत्पन्न देशात अगदी वरचे. तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या खाणपट्ट्यातही सुबत्ताच असणार, असे आपण धरून चालतो. पण सरासरीत पणजीचा हॉटेलवाला असतो आणि पावसाळ्यात ज्याच्या शेतात खाणीचा गाळ उतरतो तो शेतकरीही. थोरल्याचा ट्रक खनिजावर चालतो आणि धाकट्याचे कुळागर पाण्यावाचून सुकते, असे एकाच घरातही घडू शकते. त्या घराचे 'बरे चालले आहे' की नाही, हे सरासरी सांगणार नाही.

सोयी मोजल्या की कल्याण मोजले, हा त्याहून पक्का गैरसमज. पाण्याचेच बघा. गोव्यातल्या अनेक खाणींचे खंदक भूजलपातळीच्या खाली गेले. माल काढायचा तर तिथले पाणी सतत उपसावे लागते. मग आसपासच्या विहिरी आणि झरे आटतात. डिचोलीतल्या शिरगावने हे भोगले आहे. विहीर आटली की टँकर येतो. पाहणीच्या फॉर्मवर 'पाणी मिळते का?' याला उत्तर 'होय'. विहीर भरलेली होती तेव्हाही उत्तर 'होय'च असते! टँकर कोणाचा आणि खाण थांबल्यावर तो येणार का, याला फॉर्मवर रकाना नसतो. आणि खाणी थांबतात: २०१२ मध्ये थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा. खाण बंद म्हणजे गावाचे भले, असेही सरळ नाही. धूळ बसते, पण हप्ते न फिटलेले ट्रक दारात उभे राहतात.

निधीचेही तसेच. खाण कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीने खाणबाधित भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. जुन्या लीजधारकांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के रक्कम तिथे भरायची, लिलावातून लीज मिळालेल्यांनी १० टक्के. अहवालात मग खर्चाचा आकडा येतो. किती विहिरींना पुन्हा पाणी लागले, हा वेगळा आकडा.

'लोकांचे म्हणणे ही नुसती भावना, मोजायचे ते यंत्राने,' असेही म्हणतात. हवेतल्या सूक्ष्म धुळीची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, तीही २४ तासांच्या सरासरीची. ट्रक दिवसा धावतात, रात्रीची स्वच्छ हवा तो आकडा खाली आणते. यंत्र जरूर लावा, पण रस्त्याकडेच्या घरात दिवसभर असते तिलाही विचारा, दोरीवरचे कपडे संध्याकाळी कोणत्या रंगाचे होतात ते.