लेप्टोला गाठायचं? तापाचे दिवस मोजा!

जुलैत अलिबाग, पेण, श्रीवर्धनच्या खाचरांत लावणीची धांदल उडते. गुडघाभर चिखल, दिवसभर भिजलेले पाय आणि त्याच पाण्यात उंदरांचं मूत्र. लेप्टोला, म्हणजे लेप्टोस्पायरा जिवाणूंमुळे होणाऱ्या आजाराला, एवढं पुरतं. त्याला पकडायच्या तऱ्हा मात्र भन्नाट आहेत.

समुद्र आपल्या बाजूने! खाऱ्या पाण्यात हे जिवाणू फार तगत नाहीत. गोड्या पाण्यात, ओल्या मातीत मात्र आठवडेच्या आठवडे राहतात. पावसानं खारजमिनीतलं मीठ धुऊन निघालं, की भाताची सोय होते आणि त्यांचीही.

अंगकाठी? जाडी जेमतेम ०.१ मायक्रॉन. साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसतच नाहीत. काळ्या पार्श्वभूमीच्या डार्क-फील्डमध्ये मात्र टोकाला आकडा असलेले चंदेरी मळसूत्री धागे गरगर फिरताना दिसतात. हाच जंतू आजाराचं मूळ आहे, हे १९१५ मध्ये जपानमध्ये इनादा आणि इदो यांनी दाखवलं.

खरी गंमत दिवसांची. पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात असतो, तेव्हा पीसीआर त्याचा डीएनए पकडते. आयजीएम एलायझा प्रतिपिंडं शोधते आणि ती तयार व्हायला पाच-सात दिवस लागतात. म्हणून दुसऱ्या दिवशीचा एलायझा ‘निगेटिव्ह’ आला, तरी लेप्टो नाही असं मुळीच नाही! लघवीत जंतू उतरतात ते बहुधा दुसऱ्या आठवड्यापासून.

सगळ्यात कसबाची चाचणी ‘मॅट’. रुग्णाच्या रक्तद्रवात जिवंत लेप्टोस्पायरा सोडायचे. प्रतिपिंडं असतील तर ते एकमेकांना चिकटून गोळा होतात. रक्तद्रव पातळ करत जायचं आणि निम्मे जंतू चिकटतील ती शेवटची पायरी नोंदवायची. त्यासाठी निरनिराळ्या प्रकारचे लेप्टोस्पायरा प्रयोगशाळेत कायम जिवंत सांभाळावे लागतात. तिथली माणसं डोळ्यांत तेल घालून काम करतात, मानलं पाहिजे!

   

ताप, लाल डोळे, ठणकणाऱ्या पोटऱ्या? केसपेपर काढतानाच सांगा: ताप कोणत्या दिवशी आला, चिखलात कधी उतरला होतात. संशय पक्का असेल, तर डॉक्टर रिपोर्टसाठी न थांबता औषध सुरू करतात.