थकलेली कर्जे आणि लपवलेला तोटा

बँकेने दिलेले एखादे कर्ज बुडणे ही बँकव्यवसायातील असाधारण घटना नव्हे. ज्या कारखान्याला, शेतीला किंवा घराला कर्ज दिले जाते त्याचे भवितव्य अनिश्चित असल्यामुळे काही कर्जे परत येणार नाहीत हे गृहीत धरूनच बँका व्याजाचा दर ठरवतात, तारण घेतात आणि नफ्यातील काही भाग राखून ठेवतात. असे असूनही एका पाठोपाठ एक बँका अडचणीत येतात, ठेवीदार शाखांसमोर रांगा लावतात, सरकारी तिजोरीतून भांडवल ओतावे लागते आणि उद्योगांचा पतपुरवठा आटतो, असे प्रसंग इतिहासात वारंवार आले आहेत. या संकटांची मुळे शोधू गेल्यास बुडालेल्या कर्जापेक्षाही ते बुडाले आहे हे वेळेवर मान्य न करण्याची वृत्ती अधिक घातक ठरल्याचे दिसते. भारतीय बँकांनी २००४ नंतरच्या दीड दशकात जे सोसले ते या वृत्तीचे सर्वांत बोलके उदाहरण आहे आणि पुढील सुधारणांचे मोजमापही त्याच अनुभवावरून करावे लागते.

कर्जातून जन्मणारी ठेव

लोकांनी ठेवलेले पैसे बँका दुसऱ्यांना उसने देतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती अपुरी आहे. बँक कर्ज मंजूर करते तेव्हा ती कर्जदाराच्या खात्यात रक्कम जमा करते. म्हणजे बँकेच्या ताळेबंदात एका बाजूला कर्ज ही मालमत्ता आणि दुसऱ्या बाजूला ठेव हे देणे एकाच वेळी निर्माण होते. अर्थव्यवस्थेतील पैशाचा मोठा भाग अशा रीतीने कर्जवाटपातूनच निर्माण होतो, हे बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये आपल्या त्रैमासिकात स्पष्ट शब्दांत मांडले होते. याचा अर्थ बँकांना अमर्याद पैसा निर्माण करता येतो असा नव्हे, कारण रोख राखीव निधीचे प्रमाण, इतर बँकांची देणी चुकवण्यासाठी लागणारी तरलता, पतयोग्य कर्जदारांची उपलब्धता आणि बँकेचे स्वतःचे भांडवल या चार गोष्टी तिच्या हाताला बांध घालतात.

यांपैकी भांडवलाचे बंधन सर्वांत महत्त्वाचे आहे. भांडवल म्हणजे भागधारकांचा पैसा आणि साठलेला नफा. तोटा झाल्यास तो आधी याच रकमेतून भरून निघतो. मालमत्तेतील जोखमीनुसार तिला कमीअधिक भार देऊन येणाऱ्या बेरजेच्या किमान ९ टक्के भांडवल भारतीय बँकांनी राखावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे आणि त्यावर संरक्षक राखीव भांडवलाची भर पडते. हे प्रमाण पाहता कर्जांपैकी दहावा हिस्सा जरी पूर्णपणे बुडाला आणि त्यासाठी आधीपासून काही बाजूला काढलेले नसले, तरी बँकेचे बहुतेक भांडवल नाहीसे होऊ शकते. तोटा लपवण्याचा मोह नेमका येथे निर्माण होतो, कारण तो मान्य करणे म्हणजे बँक भांडवलहीन झाल्याची कबुली देणे ठरते.

तेजीच्या काळातील कर्जवाटप

२००३ नंतरच्या पाच वर्षांत भारतीय अर्थव्यवस्था वेगाने वाढत होती आणि बँकांचा पतपुरवठा वर्षाला २० टक्क्यांहून अधिक गतीने फुगत होता. वीज, पोलाद, रस्ते आणि दूरसंचार या क्षेत्रांतील प्रकल्प दीर्घ मुदतीचे असतात. पूर्वी अशा प्रकल्पांना विकास वित्तसंस्था कर्ज देत असत. परंतु आयसीआयसीआय २००२ मध्ये स्वतःच स्थापन केलेल्या बँकेत विलीन झाली, आयडीबीआयचे २००४ मध्ये बँकेत रूपांतर झाले आणि पंधरा-वीस वर्षांच्या कर्जांचा भार अल्प मुदतीच्या ठेवींवर चालणाऱ्या व्यापारी बँकांवर, विशेषतः सार्वजनिक क्षेत्रातील बँकांवर, येऊन पडला. मोठ्या प्रकल्पांना अनेक बँका एकत्रितपणे कर्ज देत, तेव्हा अग्रणी बँकेने केलेल्या मूल्यमापनावर इतर बँका विसंबून राहत. प्रवर्तकाने स्वतःचे म्हणून आणलेले भागभांडवलही कित्येकदा दुसऱ्या कंपनीच्या नावे घेतलेल्या कर्जातूनच उभे केलेले असे.

रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन यांनी २०१८ मध्ये संसदेच्या अंदाज समितीला सादर केलेल्या टिपणात, पुढे बुडालेल्या कर्जांपैकी मोठी संख्या २००६ ते २००८ या भरभराटीच्या वर्षांत दिलेल्या कर्जांची होती, असे नमूद केले. त्यानंतर जागतिक वित्तीय संकट आले, मागणी मंदावली, भूसंपादन आणि पर्यावरणविषयक परवानग्या रखडल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये १२२ दूरसंचार परवाने आणि २०१४ मध्ये २१४ कोळसा खाणपट्टे रद्द केले. ज्या प्रकल्पांचे हिशेब स्वस्त कोळसा, वाढती मागणी आणि वेळेवर मिळणारी जमीन यांवर उभे होते, ते प्रकल्प व्याज भरण्याइतकेही उत्पन्न देईनासे झाले.

मान्यता देण्यातील विलंब

कर्जाचे व्याज किंवा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की ते कर्ज ‘अनुत्पादक मालमत्ता’ ठरते. १९९१ च्या नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर भारतात अशा वर्गीकरणाची शिस्त आली आणि २००४ पासून ९० दिवसांची आंतरराष्ट्रीय कसोटी लागू झाली. कर्ज या वर्गात गेले की बँकेला त्यावरील न मिळालेले व्याज उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही आणि संभाव्य तोट्यासाठी नफ्यातून ‘तरतूद’ करावी लागते. ही व्यवस्था कागदावर निर्दोष असली तरी तिच्यात पुनर्रचनेची पळवाट होती. परतफेडीची मुदत वाढवून, व्याज कमी करून किंवा हप्ते पुढे ढकलून कर्जाची फेररचना केली की ते नियमित कर्ज म्हणून दाखवता येत असे. शिवाय जुन्या कर्जाचे व्याज भरता यावे म्हणून नवे कर्ज देण्याची प्रथाही रुजली होती, जिच्यामुळे कर्जखाते वर्षानुवर्षे निरोगी दिसत राही आणि थकबाकीचा आकडा मात्र वाढत जाई.

या प्रथेमागे केवळ भ्रष्टाचार होता असे मानणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. बँकेच्या अध्यक्षाची मुदत थोडी असते आणि तोटा आपल्या कारकिर्दीत उघड व्हावा असे त्याला वाटत नाही. कर्जाचा काही भाग सोडून तडजोड करणाऱ्या सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याला पुढे चौकशीला तोंड द्यावे लागण्याची भीती असते, उलट निर्णय न घेणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. तोटा मान्य केल्यास मालक या नात्याने सरकारला अर्थसंकल्पातून भांडवल द्यावे लागते, म्हणून सरकारलाही घाई नसते. २००८ नंतर नियामकानेच पुनर्रचनेच्या अटी सैल केल्या होत्या. प्रत्येकाचे वागणे त्याच्या जागेवरून समजण्यासारखे होते आणि त्या सर्वांची बेरीज मात्र देशाला महागात पडली.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१५ पासून पुनर्रचित कर्जांची ही सवलत काढून घेतली आणि त्याच वर्षी बँकांच्या मोठ्या कर्जखात्यांची विशेष तपासणी हाती घेतली, जी ‘मालमत्ता गुणवत्ता तपासणी’ या नावाने ओळखली जाते. तिचा परिणाम तत्काळ दिसला. मार्च २०१५ मध्ये एकूण कर्जांच्या साडेचार टक्क्यांच्या आसपास असलेले अनुत्पादक कर्जांचे प्रमाण मार्च २०१८ पर्यंत ११ टक्क्यांच्या वर गेले आणि ही रक्कम १० लाख कोटी रुपयांच्या पुढे पोहोचली. सार्वजनिक क्षेत्रातील २१ बँकांपैकी ११ बँकांवर ‘त्वरित सुधारणा कारवाई’खाली निर्बंध आले. त्यांत पुण्यात मुख्यालय असलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रचाही समावेश होता; २०१७ मध्ये लागलेल्या निर्बंधांतून ती जानेवारी २०१९ मध्ये बाहेर पडली. तपासणीमुळे बँका आजारी पडल्या, अशी टीका त्या काळी झाली. ही टीका मान्य करता येत नाही, कारण तपासणीने एकही कर्ज बुडवले नाही; आधीच बुडालेली कर्जे तिने केवळ हिशेबात आणली.

वसुलीचा कायदा आणि करदात्याचा भार

तोटा मान्य केल्यानंतर तो कोणी सोसायचा, हा प्रश्न उरतोच. १९९३ च्या कायद्याने कर्जवसुली न्यायाधिकरणे स्थापन झाली आणि २००२ च्या ‘सरफेसी’ कायद्याने न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना मिळाला, तरी मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत हे दोन्ही उपाय अपुरे पडले. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने मात्र पायाभूत बदल केला. थकबाकीदार कंपनीचा कारभार प्रवर्तकाच्या हातून काढून घ्यायचा, धनकोंच्या समितीने नवा मालक निवडायचा आणि ठरावीक मुदतीत तोडगा न निघाल्यास कंपनी अवसायनात काढायची, असा तिचा गाभा आहे. २०१७ मध्ये जोडलेल्या कलम २९अ मुळे थकबाकीदार प्रवर्तकाला तीच कंपनी स्वस्तात परत विकत घेण्याचा मार्ग बंद झाला. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने निवडलेल्या बारा मोठ्या खात्यांपैकी भूषण स्टील २०१८ मध्ये टाटा स्टीलकडे गेली आणि धनको बँकांना सुमारे ५६ हजार कोटींच्या दाव्यांपोटी सुमारे ३५ हजार कोटी रुपये मिळाले. सर्वच प्रकरणांत असे यश आले नाही; २०१९ मध्ये घातलेली ३३० दिवसांची मर्यादा न्यायाधिकरणांतील रेंगाळलेल्या सुनावण्यांमुळे वारंवार ओलांडली गेली आणि जितका उशीर झाला तितके कंपनीचे मूल्य घटत गेले.

जे वसूल झाले नाही त्याचा मोठा भार करदात्यावर पडला. २०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांत सरकारने सार्वजनिक बँकांमध्ये सुमारे ३ लाख ११ हजार कोटी रुपयांचे भांडवल घातले. याच काळात बँकांनी मोठ्या प्रमाणावर कर्जांचे निर्लेखन केले. निर्लेखन म्हणजे कर्जमाफी असा गैरसमज पसरलेला आहे. प्रत्यक्षात पूर्ण तरतूद झालेले कर्ज ताळेबंदातून काढले जाते आणि कर्जदारावरील वसुलीचा हक्क कायम राहतो, मात्र अशा खात्यांतून हाती येणारी रक्कम सहसा तुटपुंजी असते.

ठेवीदाराची बाजू

तोटा लपवण्याचे सर्वांत क्रूर रूप सहकारी बँकांत दिसले. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतील पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारांना प्रारंभी खात्यातून केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. त्याआधीच्या वार्षिक हिशेबात बँकेने अनुत्पादक कर्जांचे प्रमाण ४ टक्क्यांहून कमी दाखवले होते. वस्तुतः तिच्या एकूण कर्जांपैकी सुमारे ७० टक्के रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ती झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखवण्यात आल्याचे तपासात उघड झाले. ही बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पण मोठ्या रकमेच्या वैयक्तिक ठेवी परत मिळण्यासाठी ठेवीदारांवर दहा वर्षांपर्यंत थांबण्याची पाळी आली.

ठेवींना विम्याचे संरक्षण देण्याची कल्पना भारताने तुलनेने लवकर स्वीकारली. १९६० मध्ये लक्ष्मी बँक आणि केरळातील पालई सेंट्रल बँक कोसळल्यानंतर ठेव विमा महामंडळाचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंत संरक्षण मिळाले. १९९३ पासून १ लाखावर थांबलेली ही मर्यादा पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या प्रकरणानंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, ५ लाख रुपये झाली आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देणे बंधनकारक झाले. सहकारी बँकांच्या व्यवस्थापनावर रिझर्व्ह बँकेचा अधिकार वाढवणारी दुरुस्तीही २०२० मध्ये झाली. या सुधारणा मोलाच्या आहेत. परंतु त्या प्रत्येक वेळी ठेवीदारांची होरपळ झाल्यानंतरच आल्या, हे विसरता येणार नाही.

सुधारणेची कसोटी

मार्च २०२५ मध्ये व्यापारी बँकांच्या अनुत्पादक कर्जांचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या खाली आले, जे तोवरच्या कित्येक दशकांतील नीचांकी प्रमाण होते. या समाधानकारक आकड्यातच पुढील धोक्याची शक्यता दडलेली असते, कारण वाईट कर्जे मंदीत उघडकीस येत असली तरी ती दिली जातात तेजीत. तारणाशिवाय दिल्या जाणाऱ्या ग्राहककर्जांची वाढ पाहून रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांचा जोखीमभार १०० वरून १२५ टक्क्यांवर नेला, म्हणजे अशा कर्जांसाठी बँकांना अधिक भांडवल राखावे लागले. थकबाकी वाढण्यापूर्वी उचललेले हे पाऊल योग्य होते. कर्ज थकण्याची वाट न पाहता ते देतानाच संभाव्य हानीचा अंदाज घेऊन तरतूद करण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या चर्चापत्रात मांडली आहे. तिची अंमलबजावणी सौम्य न करता पूर्णपणे व्हायला हवी. सरकारी बँकांचे भाग एका स्वतंत्र गुंतवणूक कंपनीकडे सोपवून नेमणुका आणि कर्जनिर्णय मंत्रालयाच्या प्रभावापासून दूर ठेवावेत, ही पी. जे. नायक समितीची २०१४ मधील शिफारस मात्र आजही कागदावरच आहे.

ज्या सुधारणेमुळे तोटा लवकर उजेडात येतो आणि जोखीम घेणाऱ्यालाच तो सोसावा लागतो ती खरी सुधारणा, आणि जी त्याची कबुली पुढे ढकलते ती, कितीही दयाळू दिसली तरी, पुढील संकटाची तयारी होय. मंदीच्या प्रत्येक झळीनंतर उद्योगांकडून आणि राजकीय व्यासपीठांवरून पुनर्रचनेच्या सवलतींची मागणी होत राहील. ती होईल तेव्हा तिची अंतिम किंमत ठेवीदार आणि करदाता या दोन नात्यांनी आपल्यालाच चुकवावी लागते, हे लक्षात ठेवून नागरिकांनी आपल्या लोकप्रतिनिधींना त्याविषयी स्पष्ट प्रश्न विचारले पाहिजेत.