कर्जाचे कागद (भाग 6) : नोटीस कोणाची, ते आधी बघा

सोयाबीन मोंढ्यावर जायच्या आधीच त्याच्या पैशाला वाटा फुटलेल्या असतात. कृषी केंद्राची उधारी, बँकेचं पीककर्ज, पतसंस्था, शिवाय घरातल्या बाईच्या गटाचा हप्ता. लोहा तालुक्यात पावसानं एक सुगी नेली की यातलं काहीतरी थकतंच. मग दारात वसुलीवाला येतो, नाहीतर पोस्टमन.

कागद आला की काहीजण घाबरून दुसरीकडून पैसे उचलतात, तर काहीजण तो देवळीत खोचून विसरून जातात. दोन्हींआधी तो कोणी पाठवलाय ते वाचा. वकिलाच्या लेटरपॅडवरची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. लोकअदालतीची नोटीस म्हणजे वॉरंटही नव्हे. ते तडजोडीचं बोलावणं आहे. तिथं जावं, व्याजात सूट मागावी, पण सही करण्याआधी आकडा दोनदा वाचावा, कारण त्या निवाड्यावर अपील नाही. चेक न वटल्याची नोटीस मात्र वेगळी. ती मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम दिली नाही, तर फौजदारी खटल्याची वाट मोकळी होते.

पतसंस्थेच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान गैरहजेरीनं होतं. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली संस्था निबंधकाकडे वसुली दाखला मागते आणि कर्जदाराला, जामीनदारांना म्हणणं मांडायला तारीख मिळते. नेमके त्याच तारखेला आपले लोक जात नाहीत. जामीनदाराला तर वाटतं, मी कुठं पैसे घेतले? पण सही त्याचीही असते. दाखला निघाला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा, तर येणं रकमेतली निम्मी आधी भरावी लागते. हप्त्यालाच पैसे नाहीत, तो निम्मी रक्कम कुठून आणणार? म्हणून पहिल्याच तारखेला पासबुक, पावत्या घेऊन जायचं आणि न जुळणारा आकडा लेखी दाखवायचा.

आता फायनान्सवाल्यांकडे वळू. इथं कागद कमी आणि तोंडाचा पट्टा जास्त. रिझर्व्ह बँकेनं मार्च 2022 मध्ये सूक्ष्म कर्जाचे नियम काढले. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं हे कर्ज विनातारणच असलं पाहिजे. दागिना किंवा घराचे कागद ठेवून घेणं त्यात बसत नाही. हप्ता ठरलेल्या ठिकाणी गोळा करायचा. लागोपाठ दोनदा किंवा अधिक वेळा तिथं कोणी आलं नाही, तरच माणूस घरी किंवा कामावर येऊ शकतो. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, थकबाकीदारांची नावं जाहीर करणं, न भरल्यास काय होईल याबद्दल खोटी भीती घालणं, हे सगळं बंद. दंड लावायचाच, तर थकलेल्या रकमेवर, सगळ्या कर्जावर नाही. एका गोष्टीबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही: अडचणीत आलेल्या कर्जदाराला हुडकून त्याला मार्ग सांगायची व्यवस्था कंपनीनंच ठेवायची आहे. ती व्यवस्था कुठं आहे, असं लेखी विचारा.

नियम असले तरी कर्ज माफ होत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून कंपनीला लेखी अर्ज द्या. त्यात कर्ज खात्याचा क्रमांक, आतापर्यंत भरलेली रक्कम, हप्ता का थकला आणि आज खरोखर किती देऊ शकता ते लिहा. महिन्याला 500 जमत असतील तर 500 च लिहा. भिडेपोटी 2,000 लिहून पुढच्या महिन्यात पुन्हा तोंड लपवण्यात अर्थ नाही. खाते उतारा मागा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टनं पाठवा. वसुलीवाल्याच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर पैसे टाकू नका आणि पावतीशिवाय एक रुपयाही हातात देऊ नका. कंपनीनं 30 दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. माहितीसाठी 14448. पतसंस्थेची तक्रार मात्र निबंधकाकडेच.

एक गोष्ट अजिबात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे: फायनान्सचा हप्ता भरायला खासगी सावकाराकडे जाणं. शेकडा 5 म्हणजे महिन्याला 5 टक्के, वर्षाला 60. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला 9 आणि विनातारणावर 12 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा राज्याचा दर 2014 मध्ये ठरला. मुद्दलापेक्षा जास्त व्याज तर 2014 च्या सावकारी कायद्यानं वसूलच करता येत नाही. परवाना नसलेल्यानं जमीन लिहून घेतली असेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. गावात मात्र हे अर्ज भिडेमुळे थांबतात. सावकार बहुतेकदा भावकीतला किंवा रोज रामराम घालणारा असतो.

वकील परवडत नसेल तर विधी सेवा समितीकडे जा, किंवा 15100 वर फोन करा. बाईच्या नावावर कर्ज असेल तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

पुढच्या आठवड्यात : कर्ज फिटलं, पण सातबाऱ्यावरचा बोजा तसाच.