पैसे घेऊन मूल सांभाळण्याआधी

दहावी-बारावीची परीक्षा संपली की वस्तीत एक काम हमखास चालून येते. शेजारच्या ताई धुण्याभांड्याला किंवा कारखान्यात जातात आणि विचारतात, “तुमची पोरगी घरीच आहे ना? दुपारभर आमच्या बाळाकडे बघेल का? पैसे देईन.” चार पैसे मिळतात, शेजाऱ्यांची अडचणही भागते. यात वाईट काही नाही. पण दुसऱ्याचे मूल सांभाळणे हे जबाबदारीचे काम आहे आणि ते शिकूनच करायचे असते. मुलगी असो वा मुलगा, काम धरण्याआधी काय माहीत हवे ते येथे देत आहोत.

वय, शाळा आणि बोली

चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन ही बंदी सर्व प्रकारच्या कामांना लागू झाली. घरकामाला तर ती २००६ पासूनच आहे. त्यामुळे सातवीतल्या मुलीला पगारावर बाळ सांभाळायला पाठवू नये. चौदा पूर्ण झाली असली, तरी सुट्टीत धरलेले काम जूनमध्ये थांबले पाहिजे. शाळा सुरू होते, काम सुटत नाही आणि हळूहळू शाळाच सुटते, असे आपल्या मुलींच्या बाबतीत होऊ देऊ नका.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. कामगाराच्या कामाला तासांची मर्यादा असावी यासाठी ते झटले. आपल्या मुलांच्या कामालाही ती हवी. किती वाजता जायचे, किती वाजता सुटायचे, मुले किती आणि पैसे किती, हे आईवडिलांनी समोर बसून आधीच ठरवावे. बाळ सांभाळायची बोली असेल तर भांडी-धुणे त्यात धरू नये. सहा महिन्यांच्या आतले बाळ एकट्या मुलाच्या किंवा मुलीच्या भरवशावर सोडू नये, असे आमचे मत आहे.

घरात शिरताच काय पाहाल?

आपल्याकडे पाणी भरून ठेवावे लागते. रांगते मूल बादलीतल्या वीतभर पाण्यातही बुडू शकते. म्हणून पिंपावर झाकण ठेवा, बादली रिकामी करा किंवा उंचावर ठेवा, मोरीचे दार लावा. माळ्याच्या शिडीकडे मूल जाऊ देऊ नका. स्टोव्ह, काडेपेटी, रॉकेल, फिनेल आणि औषधे हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. उघडी वायर दिसली तर घरच्यांना सांगा.

खाणे आणि झोप

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचेच दूध; पाणीसुद्धा नको. वर्षाच्या आत मध देऊ नका. लहान मुलांना शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे देऊ नका. ती घशात अडकतात. भरवण्याआधी आणि शी धुतल्यावर साबणाने हात धुवा. बाळाला पाठीवर झोपवा, तोंडावर गोधडी येऊ देऊ नका. आईने सांगितल्याशिवाय कोणतेही औषध, गुटी वा खोकल्याचे सायरप देऊ नका.

बाळ काही केल्या रडायचे थांबत नसेल तर राग येऊ शकतो. पण बाळाला कधीही गदागदा हलवू नका. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. त्याला खाली अंथरुणावर पाठीवर ठेवा, दोन पावले दूर जाऊन श्वास घ्या आणि आईला फोन करा.

अचानक काही झाले तर

भाजले तर लगेच गार पाणी वीस मिनिटे सोडा. नळाला पाणी नसेल तर पिंपातले पाणी तांब्याने सतत ओता. टूथपेस्ट, हळद, शाई लावू नका.

घशात काही अडकले आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर आरडाओरड करून शेजाऱ्यांना बोलवा. वर्षाच्या आतले बाळ असेल तर त्याला हातावर पालथे घ्या, डोके खाली ठेवा आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा मारा. तरीही वस्तू निघाली नाही तर उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाबा. वस्तू निघेपर्यंत आळीपाळीने हेच करा. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपू नका. मोठ्या मुलांसाठी रीत वेगळी आहे. दोन्ही रीती काम धरण्याआधी आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रात समजून घ्या.

श्वास घेताना फासळ्या आत ओढल्या जाणे, ओठ निळे पडणे, झटके येणे, मूल जागे न होणे, दूध-पाणी काहीच न घेणे, ही धोक्याची लक्षणे आहेत. वाट पाहू नका, १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. बाळाच्या आईचा, आपल्या घरचा आणि जवळच्या एका शेजारणीचा नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा.

तुमची स्वतःची सुरक्षा

मुलामुलींनो, त्या घरात कोणी दारू पिऊन आले, नको तसा हात लावला, किंवा “घरी सांगू नकोस” म्हणाले, तर बाळाला घेऊन शेजारी जा आणि आपल्या आईला बोलवा. त्यात तुमची काहीही चूक नाही. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. तिथे फोन करायला पैसे लागत नाहीत. आणि आईवडिलांनो, पोरगी “मी उद्यापासून जाणार नाही” म्हणाली तर महिन्याच्या पैशांचा हिशेब करू नका. आधी तिचे ऐकून घ्या.